जर्मनीतलं पहिलं वर्ष : कागद, खिडक्या, कचरा आणि ‘बघतो’ हा शब्द

नेकारकाठ (धागाकर्ता)

पुण्या-मुंबईहून श्टुटगार्ट, म्युनिक, फ्रँकफर्टकडे नोकरीसाठी येणाऱ्यांचे प्रश्न बरेचदा तेच ते असतात, आणि उत्तरं दहा ठिकाणी विखुरलेली. ती इथे एकत्र आणूया. व्हिसाचं नको, त्याला स्वतंत्र धागा लागेल. विमानतळाबाहेर पाऊल पडल्यापासूनचं बोलू.

नव्या माणसाची दमछाक भाषेमुळे होते त्याहून जास्त क्रम न कळल्यामुळे होते. इथे एका कागदातून दुसरा निघतो. घराचा पत्ता असेल तर नोंदणी, नोंदणी झाली की कर-क्रमांक, आणि कर-क्रमांक असेल तरच पगारातून बरोबर कर कापला जातो. मधला एक कागद अडला की पुढचं सगळं खोळंबतं.

नोंदणीला इथे आनमेल्डुंग म्हणतात. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेच्या ब्युर्गरआम्टमध्ये जाऊन ती करायची. मोठ्या शहरांत वेळ मिळायलाच कधीकधी तीन-चार आठवडे लागतात, म्हणून घर नक्की झाल्या दिवशीच ऑनलाइन वेळ घ्या आणि आरक्षणाची पोच जपून ठेवा. सोबत पासपोर्ट, भरलेला अर्ज आणि घरमालकाने सही केलेली ‘व्होनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’ न्यायची. लोक इथेच चुकतात, भाडेकरार घेऊन जातात. करार पुरत नाही. मालकाने ‘हा माणूस या तारखेपासून या घरात राहतो’ असं लिहून दिलेला एक पानी दाखलाच लागतो. तात्पुरतं घर घेतानाही आधी विचारून घ्या की असा दाखला मिळेल का. ‘नाही’ म्हणाले तर ते घर मुक्कामापुरतंच धरा.

अर्जात धर्माचा रकाना असतो. त्यात कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिलं की पगारातून चर्चचा कर सुरू होतो, बायर्न (म्युनिकचं राज्य) आणि बाडेन-व्युर्टेंबर्ग (श्टुटगार्टचं राज्य) इथे आयकराच्या ८ टक्के, बाकीच्या राज्यांत ९ टक्के. वसई किंवा गोव्याकडच्या मंडळींनी हे समजून-उमजून ठरवावं. हिंदू, मुस्लिम, शीख वगैरेंना हा कर नाही.

आणि घराची किल्ली हातात आली की त्याच दिवशी टपालपेटीवर आणि बेलवर आडनाव लावा. इथला पोस्टमन खोली क्रमांक बघत नाही, नाव बघतो. नाव नसेल तर पत्र परत जातं. अकरा अंकी कर-क्रमांक, बँकेचं कार्ड, त्याचा पिन, विम्याचं कार्ड हे सगळं टपालानेच येतं, आणि कार्ड व पिन मुद्दाम वेगवेगळ्या दिवशी. कर-क्रमांक फार लांबला तर पगारातून सहाव्या वर्गाने, म्हणजे सर्वांत जास्त दराने, कर कापला जातो. नंतर तो परत मिळतो, पण पहिल्या महिन्यांत अनामत, फर्निचर, तिकिटं यांचा खर्च असताना तीच रक्कम हवी असते.

रानजाई

छान सुरुवात. नावाबद्दल भर घालते, कारण हा खास आपला प्रश्न आहे.

आपल्या पासपोर्टवर पहिल्या नावाच्या ओळीत स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं अशी दोन नावं असतात. जर्मन कार्यालय ती दोन्ही मिळून तुमचं ‘फोरनामं’ धरतं. ‘स्नेहल प्रकाश’ हे एकच पहिलं नाव झालं. त्यामुळे नोकरीचा करार, बँक, आरोग्य विमा, भाडेकरार, सगळीकडे पासपोर्टवर आहे ते अक्षरशः तसंच लिहा. एका ठिकाणी ‘स्नेहल’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘स्नेहल प्रकाश’ झालं की विमा कंपनी आणि करखात्याची माहिती एकमेकांशी जुळत नाही, आणि ते दुरुस्त करायला पत्रापत्री करावी लागते.

लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी निघण्याआधी पासपोर्ट, लग्नाचा नोंदणी दाखला आणि जन्मदाखला समोर ठेवून तिन्हींवरची नावं ताडून बघावीत. माहेरचं-सासरचं नाव एकाच बाईचं आहे हे सिद्ध करणारा कागद भारतात असतानाच तयार करणं सोपं. इथे आल्यावर तो मागवायचा म्हणजे नातेवाइकांना धावाधाव. नवरा-बायकोची आडनावं वेगळी असतील तर टपालपेटीवर दोन्ही लावा.

ताम्हण

माहितीबद्दल धन्यवाद. घर कसं शोधायचं? जाहिरातीत ‘काल्ट’ आणि ‘वार्म’ असे दोन आकडे असतात, त्यातला खरा कुठला? आणि ‘शूफा’ नसेल तर घर मिळतच नाही म्हणतात.

नेकारकाठ

काल्टमीटे म्हणजे नुसतं भाडं. वार्ममीटे म्हणजे भाडं अधिक इमारतीचा खर्च, म्हणजे पाणी, जिना, कचरा, विमा आणि बहुतेक वेळा हीटिंग. वीज आणि इंटरनेट बहुधा त्याहून वेगळं. बजेट वार्मवर आखा. अनामत मात्र काल्टवर ठरते. कायद्याने ती तीन काल्ट भाड्यांहून जास्त घेता येत नाही आणि भाडेकरूला ती तीन मासिक हप्त्यांत देता येते. सगळी एकदम मागितली तर हप्त्यांचा हक्क आहे हे शांतपणे सांगावं.

शूफा ही तुमच्या देण्या-घेण्याची पत. नव्या माणसाची ती नसतेच, आणि हे घरमालकांना माहीत असतं. त्याऐवजी नोकरीचा करार, मिळाल्या असतील तर तीन पगारपावत्या, कंपनीचं पत्र आणि स्वतःची ओळख करून देणारं अर्ध्या पानाचं जर्मन पत्र असा संच एकाच पीडीएफमध्ये ठेवा. घर न बघता, किल्ली हातात न येता कुणालाही पैसे पाठवू नका. ‘मी परदेशात आहे, अनामत भरा, किल्ली कुरिअरने पाठवतो’ असं कुणी म्हणालं की ती फसवणूकच.

घर बघायला गेलात की स्वयंपाकघरात बघा. कित्येक घरांत ओटा, सिंक, शेगडी काहीच नसतं. भिंतीतून नुसते पाण्याचे पाइप आणि छतातून दिव्याची वायर लोंबत असते. आधीचा भाडेकरू स्वतःचं स्वयंपाकघर घेऊन जातो, किंवा तुम्हाला विकतो. ‘आइनबाउक्युशं’ असं जाहिरातीत लिहिलेलं असेल तरच ते घरासोबत आहे असं समजा.

ताबा घेताना कागदावर खोलीवार नोंद करून दोघांनी सही करायची: भिंतीवरचे डाग, जमिनीवरचे ओरखडे, वीज आणि हीटिंगच्या मीटरचे आकडे, किल्ल्यांची संख्या. फोटो काढा. सोडताना वाद होतो तो याच कागदावर. विजेसाठी स्वतःहून कंपनी निवडली नाही तर त्या भागाची मूळ कंपनी आपोआप पुरवठा करते आणि तिचा दर बहुतेकदा महाग असतो. तिला दोन आठवड्यांच्या नोटिशीने सोडता येतं.

पोळपाट

खिडक्यांबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते. आपल्या लोकांच्या घरमालकांशी होणाऱ्या भांडणांत भिंतीवरची काळी बुरशी पहिल्या क्रमांकावर आहे.

आपल्याकडे थंडी म्हणजे खिडक्या बंद. इथे कडाक्याच्या थंडीत खिडक्या सताड उघडायच्या असतात, आणि ते का हे कळलं की सवय लागते. २० अंशांची हवा घनमीटरला साधारण १७ ग्रॅम वाफ धरू शकते, शून्य अंशांची हवा जेमतेम ५. चार माणसांच्या घरात अंघोळ, स्वयंपाक, श्वास आणि वाळत घातलेले कपडे मिळून दिवसाला आठ-दहा लिटर पाणी हवेत जातं. नवी घरं इतकी हवाबंद असतात की ते आपोआप बाहेर पडत नाही. मग ही वाफ घरातली सर्वांत थंड जागा शोधते: बाहेरच्या भिंतीचा कोपरा, कपाटामागची भिंत, खिडकीच्या काचेची खालची कड. खोलीत २० अंश आणि ५० टक्के आर्द्रता असेल तर १२.६ अंशांच्या पृष्ठभागाशेजारची हवा ८० टक्के ओली झालेली असते. भिंतीला पाण्याचा थेंबही दिसत नाही, पण बुरशीला एवढं पुरतं.

उपाय म्हणजे श्टोसल्युफ्टन. खिडक्या तिरक्या न ठेवता पूर्ण उघडायच्या, शक्यतो समोरासमोरच्या, पाच ते दहा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. कडक थंडीत पाच मिनिटं पुरतात. त्या वेळात हवा बदलते पण भिंती आणि फर्निचर गरम राहतात, म्हणून खिडकी लावल्यावर खोली लगेच पूर्ववत होते. खिडकी दिवसभर तिरकी ठेवली तर उलटं होतं, हवा धड बदलत नाही आणि खिडकीभोवतीची भिंत मात्र गार पडते. उघडण्याआधी रेडिएटरचा नळ बंद करा. त्याच्या डोक्यात तापमानाची कळ असते, तिच्यावर गार हवा आली की तो जोरात सुरू होतो. त्याच्यावरचा ३ हा आकडा म्हणजे साधारण २० अंश, ५ म्हणजे ‘लवकर गरम’ नव्हे.

कुकरच्या शिट्ट्या, भात, वरण, दूध उकळणं यांनंतर लगेच स्वयंपाकघराची खिडकी उघडा आणि दार बंद ठेवा, नाहीतर वाफ थेट थंड बेडरूममध्ये जाते. कपाट बाहेरच्या भिंतीपासून किमान पाच ते दहा सेंटिमीटर लांब. हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजणारं यंत्र, दहा-पंधरा युरोला मिळतो, एक घ्या आणि हिवाळ्यात आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांमध्ये ठेवा. सकाळी काचेवर पाणी दिसलं तर पुसून घ्या. फडका पिळला की रात्रभरात किती वाफ साठली ते हातालाच कळतं.

हीटिंग पूर्ण बंद करून बचत करू नका. गार भिंत म्हणजे बुरशीला आमंत्रण, आणि वर्षाच्या हिशेबात हीटिंग खर्चाचे ३० ते ५० टक्के तसेही क्षेत्रफळावर लागतात.

अर्धीवाटी

पोळपाटताई, हे वाचून खरंच बरं वाटलं. वाचनखूण साठवली. फोडणीच्या वासाचं काय करायचं? शेगडीवर धुराडं आहे पण वास जातच नाही.

पोळपाट

अर्धीवाटी, धुराड्याचे दोन प्रकार असतात. आबलुफ्ट म्हणजे हवा पाइपने घराबाहेर जाते. उमलुफ्ट म्हणजे हवा जाळीतून आणि कोळशाच्या गाळणीतून फिरून परत घरातच येते, भाड्याच्या घरांत बहुधा हाच. त्याची धातूची जाळी तेल पकडते, वास पकडण्याचं काम कोळशाची गाळणी करते. रोज फोडणी असेल तर ती गाळणी वर्षभर वगैरे टिकत नाही, तीन-चार महिन्यांनी बदला. जाळी डिशवॉशरमध्ये धुता येते. आणि वाफ दोन्हीपैकी उमलुफ्टमध्ये जराही बाहेर जात नाही, त्यामुळे खिडकी उघडावी लागतेच. जिन्याकडचं दार उघडून वास घालवू नका, तो पूर्ण इमारतीत जातो आणि तक्रार होते.

शेगडी बहुतेक ठिकाणी काचेची. नुसती तापणारी सेरान असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर चालतो, फक्त बूड सपाट हवं. इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियम चालत नाही, चुंबक चिकटेल असं बूड लागतं. भारतातून कुकर आणणार असाल तर हे आधी घरमालकाला विचारा. सेरानची काच बंद केल्यावरही गरम राहते, त्यामुळे दूध वेळेवर बाजूला काढा, नुसती शेगडी बंद करून उतू जाणं थांबत नाही. फुलके विस्तवावर फुगवण्याची सोय नाही, तव्यावरच दुसरी बाजू नीट शेकून कडेने फडक्याने दाबत फुगवायचे.

पिठाच्या पाकिटावर ४०५, ५५०, १०५० असे आकडे असतात. १०० ग्रॅम पीठ जाळल्यावर उरणाऱ्या राखेचे ते मिलिग्रॅम. ४०५ म्हणजे जवळपास मैदा. १०५० मध्ये कोंडा जास्त. निव्वळ फोलकॉर्न (कोंड्यासकट अख्ख्या गव्हाचं पीठ) जाडसर दळलेलं असतं, पोळी तुटते. आपल्या पिठासारखं हवं तर भारतीय दुकान, नाहीतर ५५० आणि बारीक फोलकॉर्न निम्मं-निम्मं, आणि कणीक अर्धा तास झाकून ठेवा. दह्याचं विरजण हिवाळ्यात ओव्हनमध्ये ठेवून नुसता आतला दिवा लावा.

सांजवात

मिक्सर-ग्राइंडर आणणाऱ्यांसाठी: वीज २३० व्होल्ट ५० हर्ट्झ, भारतासारखीच, पण आपला जाड तीन पिनचा प्लग इथे बसत नाही. दोन पिनांचं स्वस्त अडॅप्टर मिक्सरला लावू नका, त्यात अर्थिंग तुटते. अर्थिंग असलेलं अडॅप्टर घ्या किंवा इलेक्ट्रिशियनकडून प्लग बदलून घ्या.

आणि वाटण रात्री नऊच्या आत. रात्री दहा ते सकाळी सहा ‘रूहेत्साइट’, शांततेची वेळ, आणि रविवार-सुट्टीला दिवसभर. काही इमारतींच्या नियमांत दुपारी एक ते तीनही असतं. ड्रिल, व्हॅक्यूम, मिक्सर, कडकड करणारं वॉशिंग मशीन हे या वेळात नको. इमारतीचं ‘हाउसओर्डनुंग’, म्हणजे नियमावली, जिन्यात टांगलेलं असतं, ते मोबाइलने भाषांतरित करून एकदा नीट वाचा.

श्टुटगार्ट भागातल्या लोकांनी केरवोखं, म्हणजे साफसफाईची पाळी, हेही समजून घ्यावं. आठवड्याला एका घराची पाळी. लहान पाळीत आपल्या मजल्याचा जिना झाडून पुसायचा, मोठ्या पाळीत अंगण, तळघराची वाट, समोरचा फुटपाथ. पाळी आली की दारावर पाटी लागते, झाली की ती पुढच्या दाराला अडकवायची. बर्फ पडला तर फुटपाथ साफ करण्याची जबाबदारीही काही इमारतींत भाडेकरूंवर असते, आणि कामाच्या दिवशी तो साधारण सकाळी सातपर्यंत साफ हवा. मीठ अनेक शहरांत बंद, खडी टाकायची. पाळी चुकवणारा माणूस शेजाऱ्यांच्या मनातून कायमचा उतरतो. उलट ती नीट केली तर जिन्यातला नमस्कार बदलतो, हे कुठलंही भाषेचं प्रमाणपत्र नसताना मिळणारं स्थान आहे.

ताम्हण

कचऱ्याचं कोणीतरी सांगा, चार-चार डबे बघून गोंधळ उडतो.

सांजवात

बिओमध्ये, म्हणजे ओल्या कचऱ्याच्या डब्यात, भाजीची सालं, चहाचा चोथा, अंड्याची टरफलं. शिजवलेलं अन्न चालतं की नाही हे शहरागणिक बदलतं, नगरपालिकेच्या पत्रकात बघा. प्लास्टिकची पिशवी बिओत कधीच नाही. पिवळ्या डब्यात किंवा पिशवीत फक्त वेष्टनं: दह्याचा डबा, दुधाचं टेट्रापॅक, डबाबंद टिन. फुटलेली प्लास्टिकची बादली हे वेष्टन नव्हे. निळ्या किंवा हिरव्या झाकणात कागद. उरलेलं सगळं रेस्टम्युल. तेलकट पिझ्झाचा खोकाही रेस्टम्युलमध्ये.

काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या टाकीत, पांढऱ्या-हिरव्या-तपकिरी वेगळ्या, आणि रविवारी व रात्री नाही, कारण आवाज होतो. निळी काच हिरव्यात टाकतात. फुटलेला पाण्याचा ग्लास किंवा पायरेक्सची वाटी मात्र तिथे नाही, तिचा वितळणांक वेगळा, ती रेस्टम्युलमध्ये जाते. तळणीचं तेल सिंकमध्ये ओतू नका, ते पाइपात गोठतं. बंद बाटलीत भरून रेस्टम्युलमध्ये, नाहीतर शहराच्या संकलन केंद्रावर.

फांडचं, म्हणजे बाटली परत केली की मिळणाऱ्या अनामतीचं: एकदा वापरायच्या प्लास्टिक बाटलीला आणि कॅनला २५ सेंट, बिअरच्या साध्या काचेच्या बाटलीला ८, पुनर्वापराच्या पाण्याच्या बाटलीला १५. २०२४ पासून प्लास्टिक बाटलीतल्या दुधालाही फांड लागतो. दुकानातल्या यंत्रात घालेपर्यंत बाटली चेपू नका, बारकोड वाचता आला पाहिजे.

चैत्रपालवी

ऑफिसच्या वागण्याबद्दल लिहितो, कारण नोकरीत टिकणं यावर अवलंबून असतं आणि हे कुणी लेखी सांगत नाही.

मराठीत ‘बघतो’, ‘करून टाकू’, ‘होईल’ हे शब्द नकार नरम करण्यासाठी असतात. समोरच्याला ते कळतं. जर्मन सहकाऱ्याला ‘होईल’ म्हटलं की तो शुक्रवारी काम मागतो. ते शक्य नव्हतं हे आपल्याला सोमवारीच माहीत असतं. त्याच्या दृष्टीने आपण काम बिघडवलं नाही, शब्द मोडला. म्हणून स्पष्ट सांगायचं: ‘शुक्रवारी जमणार नाही, पुढच्या बुधवारी देतो, आणि त्यासाठी मला अमुक माहिती आजच लागेल.’ हे उद्धटपणाचं नाही, इथे ते सभ्यपणाचंच मानतात. अडचण आली तर मुदतीच्या दिवशी नाही, कळली त्याच दिवशी कळवायची.

मान डोलावण्याची आपली सवयही घोटाळा करते. ‘ऐकतोय’ म्हणून आपण मान हलवतो, त्यांना ती संमती वाटते किंवा नकार वाटतो. तोंडाने ‘या’ (हो), ‘नाइन’ (नाही), ‘समजलं नाही’ असं म्हणा. पहिल्या महिन्यात ‘समजलं नाही’ म्हणणाऱ्याला कोणी कमी लेखत नाही. तीन महिन्यांनी तेच विचारलं तर मात्र प्रश्न उभा राहतो.

उलट दिशेने येणारी टीका अंगाला लावून घेऊ नका. बैठकीत ‘हे चुकलं आहे’ असं सर्वांसमोर म्हणतात, आणि दुपारी त्याच माणसाबरोबर जेवतात. तो शब्द कामाबद्दल होता. ‘निश्ट श्लेश्ट’, म्हणजे ‘वाईट नाही’, ही इथे चांगली शाबासकी आहे.

‘झी’ (तुम्ही) आणि ‘डू’ (तू) हा भेद आपल्याला समजायला इतरांपेक्षा सोपा, कारण आपल्याकडे अहो-जाहो आहे. फरक एवढाच की इथे ‘डू’ म्हणू या असं वयाने किंवा हुद्द्याने मोठा माणूस सुचवतो, आपण नाही. सुरुवात नेहमी ‘झी’ने, आणि ‘हेर’ किंवा ‘फ्राउ’ लावून आडनावाने. ऑफिसात सगळे ‘डू’ असले तरी घरमालक, शेजारी, डॉक्टर, कार्यालयातली बाई यांना ‘झी’च. वाढदिवसाचा केक ज्याचा वाढदिवस तोच आणतो, आणि आदल्या दिवशी शुभेच्छा दिलेल्या त्यांना आवडत नाहीत, ते अशुभ मानतात.

पहिले सहा महिने बहुधा प्रोबेत्साइट, परीक्षेचा काळ, त्यात दोन्हीकडून दोन आठवड्यांची नोटीस असते. वार्षिक रजेचा पूर्ण हक्क सहा महिन्यांनंतर मिळतो, त्यामुळे पहिल्या दिवाळीला भारतात जायचं तर करारावर सही करण्याआधीच बोला.

रानजाई

अनुमोदन. आजारपणाचं मी लिहिते.

ज्यांचा पगार मर्यादेत आहे त्यांना सरकारी पद्धतीचा विमा बंधनकारक, बाकीच्यांना निवड असते. सरकारी विम्यात मूळ दर १४.६ टक्के, त्यावर प्रत्येक कासेचा (विमा संस्थेचा) अतिरिक्त दर, आणि निम्मं कंपनी भरते. कमाई नसलेली पत्नी किंवा पती आणि मुलं त्यात फुकट येतात. खासगी विमा तरुणपणी स्वस्त दिसतो, पण प्रत्येकाचा हप्ता वेगळा आणि परत सरकारीत येणं अवघड. कुटुंब यायचं असेल तर सही करण्याआधी चार लोकांना विचारा.

आजारी नसतानाच घराजवळचा हाउसआर्त्स्ट, म्हणजे कुटुंबाचा डॉक्टर, शोधून नाव नोंदवा. तापात शोधलं तर ‘नवे पेशंट घेत नाही’ हेच ऐकू येतं. तज्ज्ञाकडे जायला बरेचदा त्याची चिठ्ठी लागते. रात्री किंवा रविवारी ताप, उलट्या असं असेल तर ११६११७, जिवावरचं असेल तर ११२. सर्दी-तापाला प्रतिजैविक मिळत नाही, विश्रांती आणि चहा सांगतात, आणि विषाणूच्या तापाला तेच बरोबर आहे. भारतातून आणलेली स्वतःची औषधं तीन महिन्यांच्या गरजेपुरती ठेवा, सोबत इंग्रजी प्रिस्क्रिप्शन.

आजारी पडलात तर त्याच सकाळी कंपनीला कळवायचं. तीन दिवसांपेक्षा जास्त असेल तर चौथ्या दिवसापर्यंत डॉक्टरांचं प्रमाणपत्र, काही कंपन्या पहिल्याच दिवशी मागतात. सरकारी विमा असेल तर २०२३ पासून ते डॉक्टरांकडून इलेक्ट्रॉनिक पद्धतीने जातं, पण कळवण्याचं काम आपलंच. सहा आठवडे पूर्ण पगार मिळतो, मात्र नव्या नोकरीत पहिले चार आठवडे हा हक्क लागू नाही.

अर्धीवाटी

मुलांच्या शाळेचं एक: इथे शाळा सक्तीची आहे. तिकीट स्वस्त आहे म्हणून सुट्टीच्या चार दिवस आधी मुलं उचलून मुंबईला नेता येत नाहीत, दंड होतो, आणि बायर्नमध्ये विमानतळावर पोलिस विचारतातही. सुट्ट्या राज्यागणिक वेगळ्या, वर्षाच्या सुरुवातीला तारखा काढून तिकिटं करा.

बालवाडीत गोवराच्या लशीचा पुरावा लागतो. वर्षाच्या मुलाला किमान एक, दोन वर्षं पूर्ण झाली की दोन मात्रा. भारतातलं लसीचं कार्ड जपून आणा, तारखा वाचता आल्या पाहिजेत. पहिल्या दोन ते चार आठवड्यांत मूल हळूहळू रुळवतात, सुरुवातीला आई किंवा वडील सोबत बसतात, मग पंधरा मिनिटं, मग अर्धा तास. त्या काळात पालकांपैकी एकाची रजा हवी.

नेकारकाठ

खूप चांगलं जमत आलंय. काही सुटे मुद्दे.

प्रसारण शुल्क दर घराला सध्या महिना १८.३६ युरो. टीव्ही नसला तरी लागतं. नोंदणीनंतर पत्र येतं, ते फेकलं तर थकबाकी राहायला आल्या तारखेपासून निघते. एका घरात चार जण असतील तर एकानेच भरायचं, बाकीच्यांनी त्याचा क्रमांक कळवायचा.

घराचं दार ओढलं की बाहेरून मूठ फिरत नाही, किल्ली आत राहिली की तुम्ही बाहेर. रात्री इंटरनेटवर शोधलेला कुलूपवाला अवाच्या सवा पैसे मागतो. दुसरी किल्ली मित्राकडे ठेवा. प्रिवाट हाफ्टप्फ्लिश्ट, दुसऱ्याचं नुकसान भरून देणारा विमा, वर्षाला साधारण ५० ते ८० युरोला मिळतो. त्यात ‘किल्ली हरवणं’ समाविष्ट आहे का ते बघून घ्या, कारण इमारतीची सामायिक किल्ली हरवली तर सगळी कुलपं बदलण्याचा खर्च तुमच्यावर येऊ शकतो.

भारतीय वाहन परवाना राहायला आल्यापासून सहा महिनेच चालतो. नंतर लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा. सहावा महिना संपण्याची वाट बघू नका.

घरी फोन करण्याचं: मार्च ते ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारांदरम्यान भारत साडेतीन तास पुढे, हिवाळ्यात साडेचार. ऑफिस सुटल्यावर आई-बाबांना फोन करायचा म्हणजे हिवाळ्यात तिकडे रात्रीचे साडेदहा-अकरा होतात, ते झोपलेले असतात. शनिवार-रविवारची सकाळ ठरवून ठेवा.

ताम्हण

आई विचारतेय, सोबत काय द्यायचं? आणि नंतर फराळ पाठवता येईल का?

पोळपाट

युरोपीय संघाबाहेरून मांस आणि दूध-दुभतं आणता येत नाही. तूप, खवा, चक्का, पनीर हे सगळं त्यात आलं. ताजी फळं, भाज्या, ताजा कढीपत्ता यांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, नारळ, केळी, अननस, खजूर यांना नाही. म्हणून आंब्याची पेटी सामानात टाकू नये. काळा मसाला, गोडा मसाला, कोकम, चिंच, हळद, डाळी, पोहे, वाळलेला कढीपत्ता, चकली-चिवडा हे न्या. मसाले सीलबंद आणि पाकिटावर इंग्रजी नाव असलेले बरे.

टपालाने येणारी भेट खासगी व्यक्तीकडून खासगी व्यक्तीला आणि ४५ युरोपर्यंतची असेल तर कर नाही. त्याहून जास्त किंवा मजकूर अस्पष्ट असेल तर पार्सल कस्टम कार्यालयात अडकतं आणि तिथे जाऊन ते उघडून दाखवावं लागतं. आईला सांगा, पार्सलच्या कागदावर ‘भेट’ आणि प्रत्येक पदार्थाचं नाव, वजन, किंमत इंग्रजीत लिहायची. नुसतं ‘फूड’ लिहू नका.

ताम्हण

शनिवारी रात्री साडेआठला म्युनिकला उतरतोय, सोमवारी ऑफिस. घरी स्वयंपाकघर आहे, भांडी नाहीत.

सांजवात

बायर्नमध्ये दुकानं शनिवारी रात्री आठला बंद होतात आणि रविवारी दिवसभर बंदच. त्यामुळे सामानात सोमवार सकाळपर्यंतचं हवं: थेपले किंवा पोळ्या, चिवडा, पाण्यात भिजवून खाता येतील असे पोहे, एक ताट, एक वाटी, चमचा, इलेक्ट्रिक किटली आणि तिचं अर्थिंगवालं अडॅप्टर. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटल्या विकत घेऊ नका. विमानतळावरच्या आणि मुख्य स्टेशनातल्या दुकानांत रविवारीही दूध-ब्रेड मिळतं, बेकऱ्या सकाळी काही तास उघड्या असतात. रविवारीच आडनावाची चिठ्ठी टपालपेटीवर चिकटवून टाका, सोमवारपासून पत्रं यायला लागतील.